डावा खांदा, थ्री पार्ट फ्रॅक्चर, त्यात ऑस्टिओपोरोसिस: कोड नक्की कुठला लावायचा?

ऐरोली_नाईटशिफ्ट

नमस्कार, ऑर्थोच्या चार्टचं मेडिकल कोडिंग (निदान आणि उपचारांना कोड लावणं) करणारं कोणी आहे का इथे? मी ऐरोलीला अमेरिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे, आधी रेडिओलॉजी करायचे, आता ईडी (इमर्जन्सी विभाग) आणि ऑर्थो दिलंय. सीपीसी ही कोडरची परीक्षा झालीये, पण परीक्षेत प्रश्न सरळ असतो आणि चार्टमध्ये तीन जण तीन गोष्टी लिहून ठेवतात, तिथे अडायला होतं.

केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. वयस्कर बाई, बाथरूममध्ये पाय घसरला, डाव्या अंगावर पडल्या. ईडीच्या डॉक्टरांनी फक्त लेफ्ट प्रॉक्झिमल ह्युमरस (डाव्या दंडाच्या हाडाचं वरचं टोक) फ्रॅक्चर एवढंच लिहिलंय. रेडिओलॉजिस्ट म्हणतात सर्जिकल नेकचं कम्युनिटेड (तुकडे झालेलं) फ्रॅक्चर, ग्रेटर ट्युबरॉसिटीपर्यंत (वरच्या टोकाच्या उंचवट्यापर्यंत) गेलंय, मिनिमल डिस्प्लेसमेंट, म्हणजे जागचं फारसं सरकलेलं नाही. मग ऑर्थो कन्सल्ट आला, त्यात एक ओळ, थ्री पार्ट प्रॉक्झिमल ह्युमरस, स्लिंग, कन्झर्व्हेटिव्ह, आठवड्याने दाखवायला या. आणि खाली पास्ट हिस्टरीत ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) आहे, औषधांच्या लिस्टमध्ये त्यावरचं अ‍ॅलेंड्रोनेट पण आहे, पण असेसमेंटमध्ये ऑस्टिओपोरोसिसचा उल्लेखच नाही.

मला वाटतं आयसीडी-१०-सीएम ह्या अमेरिकेच्या निदानाच्या कोडयादीतला एस४२.२३२ए, म्हणजे थ्री पार्ट, लेफ्ट. शेजारचा म्हणतो डिस्प्लेसमेंट मिनिमल आहे मग टू पार्ट नॉनडिस्प्लेस्ड घे, एस४२.२२५ए. अजून एक मैत्रीण म्हणते तिघांचं एकमत नाही तर सेफ खेळ आणि अनस्पेसिफाइड लाव, एस४२.२०२ए. आणि आमच्या लीडने जाता जाता सांगितलं की एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर) बघ, पण का ते सांगायला वेळ नव्हता, शिफ्ट संपत आली होती. आता प्रश्न असा की ह्यातलं बरोबर काय आणि कशावरून, कारण नुसतं उत्तर मिळून उपयोग नाही, असे चार्ट रोज येतात.

अजून एक, पुढच्या आठवड्याच्या व्हिजिटला शेवटचं अक्षर ए राहणार की डी होणार? आणि फिजिशियन साइडला २३६०० (उपचाराचा सीपीटी कोड) लागेल ना, स्लिंगच दिलीये तरी?

ठाणे_ऑडिट

चांगला प्रश्न आहे आणि लीड बरोबर बोलले, फक्त अर्धवट बोलले. मी बरीच वर्षं ऑर्थोचं ऑडिट करते, प्रॉक्झिमल ह्युमरसच्या चार्टमध्ये लोक पार्ट मोजत बसतात आणि त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचाच राहतो, की हे हाड मुळात कशामुळे मोडलं.

आयसीडी-१०-सीएमच्या चॅप्टर १३ च्या गाइडलाइनमध्ये ऑस्टिओपोरोसिसचा भाग आहे तो एकदा नीट वाच. पेशंटला ऑस्टिओपोरोसिस आहे हे माहीत आहे, आणि किरकोळ पडल्यामुळे हाड मोडलं, असं पडणं की ज्याने धडधाकट माणसाचं निरोगी हाड सहसा मोडत नाही, तर ट्रॉमाचा एस कोड लावायचा नाही, एम८० मधला लावायचा. पडली आहे म्हणजे ट्रॉमाच, असं डोक्यात बसलेलं असतं आणि तिथेच सगळे फसतात. उभ्याने घसरून जमिनीवर पडणं हे त्याचं अगदी नेहमीचं उदाहरण. म्हणून तुझ्या केसमध्ये वयोमानाने झालेला ऑस्टिओपोरोसिस असेल तर एम८०.०२२ए, ह्युमरस, लेफ्ट. आणि औषध चालू आहे म्हणून झेड७९.८३, बिसफॉस्फोनेटचा लाँग टर्म वापर.

आता गंमत बघ, एम८०.०२ मध्ये फक्त हाड आणि बाजू विचारतात. सर्जिकल नेक नाही, टू पार्ट नाही, थ्री पार्ट नाही, डिस्प्लेस्ड नाही. म्हणजे तुम्ही तिघं ज्यावर भांडत होता तो मुद्दा ह्या चार्टमध्ये डायग्नोसिस कोडपुरता उरतच नाही.

पण दोन गोष्टी सांभाळ. एक, रेडिओलॉजिस्टने बोन्स आर ऑस्टिओपेनिक असं लिहिलं की काही जण लगेच एम८० लावतात, ते चालत नाही, ऑस्टिओपेनिया (हाडाची घनता थोडी कमी) वेगळा, ऑस्टिओपोरोसिस वेगळा. दोन, आउटपेशंटमध्ये प्रोबेबल, लाइकली, सस्पेक्टेड असं काही लिहिलं असेल तर ते कोड करायचं नाही. लाइकली फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर (ठिसूळपणामुळे मोडलेलं हाड) लिहून डॉक्टर मोकळे झाले तर ते तुला कन्फर्म्ड म्हणून घेता येणार नाही. नुसतं फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर लिहिलं असेल, आधी लाइकली वगैरे काही नसेल, तर मात्र कोडच्या पुस्तकाचा इंडेक्स तुला थेट ऑस्टिओपोरोसिसच्या फ्रॅक्चरकडेच नेतो.

माझं स्वतःचं मत विचारशील तर ह्या चार्टवर क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) टाकणंच बरं. गाइडलाइन तुझ्या बाजूने आहे, पण ऑर्थोच्या डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये ऑस्टिओपोरोसिस घेतलाच नाहीये, तो फक्त हिस्टरीच्या यादीत पडलाय. त्यांनी स्वतः संबंध लिहून दिला तर पुढे कोणी बोट ठेवू शकणार नाही. आणि मला पैशाच्या पलीकडे हे महत्त्वाचं वाटतं, एस कोड गेला की रेकॉर्डमध्ये त्या बाई अपघाताच्या पेशंट म्हणून राहतात. गोळी चालू असताना हाड मोडलंय, म्हणजे तिची ट्रीटमेंट कोणीतरी परत बघायला हवी, आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं. एम८० दिसला तर निदान कोणाच्या तरी डोळ्यासमोर ते येतं.

ऐरोली_नाईटशिफ्ट

ताई खूप थँक्यू, हे असं कोणी समजावलंच नव्हतं. पण समजा ऑस्टिओपोरोसिस नसता, तरुण माणूस बाईकवरून पडलाय, रिपोर्ट सगळे हेच, मग एस४२.२ मध्ये कुठे जायचं? आणि मिनिमल डिस्प्लेसमेंट विरुद्ध थ्री पार्ट ह्याचं काय, कारण मला खरंच वाटत होतं की तीन तुकडे म्हणजे थ्री पार्ट.

ऑर्थो_रेसिडेंट_परळ

हे मी सांगतो, कारण आमच्या बाजूने जे अर्धवट लिहिलं जातं त्याचा त्रास तुम्हाला होतो हे मला आत्ता कळतंय.

पार्ट म्हणजे तुकडा नव्हे. नीर नावाच्या अमेरिकन सर्जनने १९७० साली ही पद्धत मांडली. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचे त्याने चार भाग धरले, गोल डोकं, ग्रेटर ट्युबरॉसिटी, लेसर ट्युबरॉसिटी आणि खालचा दांडा. ह्यातला एखादा भाग स्वतंत्र पार्ट म्हणून कधी मोजायचा, तर तो बाकीच्यांपासून १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त फिरला असेल तरच. म्हणजे एक्स-रेत पाच भेगा दिसतायत, हाडाचा चुरा दिसतोय, पण काहीच जागचं हललं नाहीये, तर नीरच्या हिशेबाने ते वन पार्ट. कम्युनिटेड ह्या शब्दावरून पार्ट किती ते कधीच ठरत नाही.

आता तुमचा चार्ट बघा. रेडिओलॉजिस्ट म्हणतात मिनिमल डिस्प्लेसमेंट, ऑर्थो म्हणतात थ्री पार्ट. नीरच्या व्याख्येत ह्या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. कदाचित ऑर्थोने नंतरचे फिल्म किंवा सीटी बघितला असेल आणि तिथे जास्त सरकलेलं दिसलं असेल, कदाचित घाईत भेगा मोजून थ्री पार्ट लिहिलं असेल. आमच्याकडे ओपीडीत रेषा मोजून पार्ट सांगणारे खूप भेटतात, सीनियर राऊंडला त्यावरून ओरडतात पण. पण हे दोन्हीपैकी काय झालं हे तुम्ही तिथे बसून ठरवू नका, आणि शेजाऱ्याने मिनिमल शब्दावरून टू पार्ट केलं ते तर अजिबातच नको, टू पार्ट असं कोणीच लिहिलेलं नाहीये!

सर्जिकल नेक आणि अ‍ॅनाटॉमिकल नेक ह्यात पण गल्लत होते. अ‍ॅनाटॉमिकल नेक म्हणजे गोल डोक्याच्या कडेला लागूनच, दोन्ही ट्युबरॉसिटीच्या वर. सर्जिकल नेक त्याच्या खाली, जिथे हाड निमुळतं होतं आणि बहुतेक वेळा मोडतं. अ‍ॅनाटॉमिकल नेकला मोडलं की डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती जास्त, डोकं मरू शकतं, म्हणून आमच्यासाठी हा फरक मोठा आहे. नुसतं नेक ऑफ ह्युमरस लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

आणि कृपया अ‍ॅक्सिलरी नर्व्हचा उल्लेख शोधत जा. ती सर्जिकल नेकला वळसा घालून जाते, म्हणून खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का ते आम्ही तपासतो. तपासलं आणि नॉर्मल आहे तर काही कोड नाही, पण इंज्युरी आहे असं लिहिलं असेल आणि ते कोडमधून सुटलं तर पेशंटचा हात पुढे का उचलला जात नाही ह्याचं कारणच रेकॉर्डमध्ये राहत नाही.

ठाणे_ऑडिट

सरांनी नर्व्हचं सांगितलं ते अगदी योग्य. त्याचा कोड वेगळा लागतो, डावी असेल तर एस४४.३२एक्सए, फ्रॅक्चरच्या कोडमध्ये तो येत नाही.

आता तुझा बाईकवाला पेशंट. एस४२.२ ची रचना डोक्यात अशी ठेव की पाचव्या अक्षराला जागा आणि पार्ट. ० म्हणजे वरचं टोक पण पुढे काहीच सांगितलेलं नाही, १ म्हणजे सर्जिकल नेक पण पार्ट सांगितले नाहीत, नुसतं नेक लिहिलं तरी इथेच, २ टू पार्ट, ३ थ्री पार्ट, ४ फोर पार्ट, ५ ग्रेटर ट्युबरॉसिटी, ६ लेसर, ७ टोरस, ९ इतर, आणि अ‍ॅनाटॉमिकल नेक आणि डोक्याचं फ्रॅक्चर ह्या इतरमध्ये जातं, हे खूप जणांना माहीत नसतं. सहाव्या अक्षरात बाजू, आणि जिथे लागू आहे तिथे डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड.

थ्री पार्ट आणि फोर पार्टला डिस्प्लेस्डचा प्रश्न विचारलेलाच नाही, १ उजवा, २ डावा, ९ अनस्पेसिफाइड, बस. सरांनी वर सांगितलं त्यावरून का ते कळेल, थ्री पार्ट म्हटलं की डिस्प्लेस्ड त्यात आलंच. आणि थ्री पार्ट लावला की ग्रेटर ट्युबरॉसिटीचा वेगळा कोड जोडू नको, ती मोजूनच तीन झालेत. खांदा निखळून फ्रॅक्चर पण असेल तर इंडेक्समध्ये डिसलोकेशनखाली विथ फ्रॅक्चर बघ, ते तुला फ्रॅक्चरकडेच पाठवतं, निखळण्याचा एस४३ वेगळा नाही.

डिफॉल्ट दोन आहेत, ते पाठच असू देत. डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड लिहिलं नाही तर डिस्प्लेस्ड धरायचं. ओपन (हाडापर्यंत जखम असलेलं) की क्लोज्ड लिहिलं नाही तर क्लोज्ड. पण डिफॉल्ट हा लिहिलेलं नसताना वापरायचा असतो. लिहिलेलं आहे आणि दोघांनी उलटसुलट लिहिलंय तेव्हा डिफॉल्टकडे पळायचं नाही, आणि तुझी मैत्रीण म्हणते तसं अनस्पेसिफाइडकडे तर नाहीच, त्यात सेफ काही नाही, जागा सर्जिकल नेक आहे हे रिपोर्टमध्ये स्वच्छ आहे. आउटपेशंटला रेडिओलॉजिस्टचा फायनल रिपोर्ट हाताशी असेल तर त्यातलं कन्फर्म्ड डायग्नोसिस घेता येतं, तो पण फिजिशियनच आहे. पण ट्रीट करणाऱ्या डॉक्टरशी मेळ बसत नसेल तर शब्द ट्रीट करणाऱ्याचा, आणि त्यालाच विचारायचं.

ह्या एस कोडबरोबर कारणाचे कोड पण बघ, शॉवरमध्ये किंवा रिकाम्या टबमध्ये पडले तर डब्ल्यू१८.२, साधं घसरून अडखळून पडले आणि कशावर आपटले नाहीत तर डब्ल्यू०१.०, आणि जागेचा वाय९२. बाथरूम हा शब्द दिसला म्हणून सगळेच शॉवरचा लावतात, नोटमध्ये फरशीवर घसरल्या असं असेल तर तो शॉवर नव्हे.

ऐरोली_नाईटशिफ्ट

क्वेरी कशी लिहायची पण? आमच्याकडे टेम्प्लेट आहे त्यात एकच ओळ आहे, प्लीज क्लॅरिफाय फ्रॅक्चर टाइप. मागे एकाने कृपया थ्री पार्ट कन्फर्म करा अशी टाकली होती ती परत आली, लीडिंग आहे म्हणून.

सीडीआय_मुलुंड

परत आली ते बरोबरच झालं. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही आणि पैशाचा, डीआरजीचा (हॉस्पिटलला पैसे ठरतात त्या गटाचा), क्लेमचा विषय काढायचा नाही. अहिमा आणि अ‍ॅकडिस ह्या दोन्ही संस्थांनी मिळून क्वेरी कशी असावी ह्यावर मार्गदर्शन दिलेलं आहे, तुमच्या लीडकडे असेलच, मागून घ्या.

मी अशी लिहीन. आधी चार्टमधलं जसंच्या तसं, तारखेसकट: ईडी नोटमध्ये लेफ्ट प्रॉक्झिमल ह्युमरस फ्रॅक्चर, एक्स-रे रिपोर्टमध्ये सर्जिकल नेक, ग्रेटर ट्युबरॉसिटीपर्यंत, मिनिमल डिस्प्लेसमेंट, ऑर्थो कन्सल्टमध्ये थ्री पार्ट, हिस्टरीत ऑस्टिओपोरोसिस, अ‍ॅलेंड्रोनेट चालू, घसरून त्याच पातळीवर पडल्या. मग पहिला प्रश्न, आपल्या क्लिनिकल मतानुसार ह्या फ्रॅक्चरचं कारण नोंदवावं, आणि खाली पर्याय: ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर, निरोगी हाडाचं ट्रॉमॅटिक फ्रॅक्चर, इतर काही ते लिहावं, सांगता येत नाही. दुसरा प्रश्न फ्रॅक्चरच्या प्रकाराचा, त्यात टू पार्ट, थ्री पार्ट, फोर पार्ट, नॉनडिस्प्लेस्ड, इतर, सांगता येत नाही, सगळे पर्याय. इतर आणि सांगता येत नाही हे दोन पर्याय ठेवायचेच, ते काढले की डॉक्टरला कोपऱ्यात ढकलल्यासारखं होतं.

डॉक्टर उत्तर देत नाहीत ही तक्रार सगळे करतात. माझा अनुभव असा की चार्टमधली वाक्यं समोर मांडली की देतात, कारण त्यांना परत चार्ट उघडून शोधावं लागत नाही. नुसतं प्लीज क्लॅरिफाय टाकलं तर तुम्ही काय विचारताय तेच त्यांना कळत नाही, मग ती क्वेरी पडून राहते.

फिजिओ_दादर

मी कोडिंगमधली नाही, पण हा विषय बघून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पेशंट डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात, त्यावर फ्रॅक्चर ह्युमरस एवढंच असतं. डावा की उजवा तो स्लिंगवरून कळतो. आता मला पेंड्युलमचे व्यायाम कधी सुरू करायचे, हात निष्क्रियपणे किती वर न्यायचा, हे फ्रॅक्चर किती स्थिर आहे त्यावर असतं, आणि ट्युबरॉसिटी सरकलेली असेल तर रोटेटर कफचे स्नायू तिला ओढतात म्हणून स्वतःहून हात उचलायला लावणं लवकर करता येत नाही. कार्डवर टू पार्ट की ट्युबरॉसिटी एवढे दोन शब्द असते तर मला सर्जनना फोन लावून ओपीडी संपायची वाट बघत बसावं लागलं नसतं, आणि तेवढे दिवस खांदा आखडत जातो तो पेशंटचा. वयस्कर बायकांचा तर फार लवकर आखडतो, केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजचा हात घालता येत नाही. त्यामुळे तुम्ही क्वेरी टाकून डॉक्टरांना नीट लिहायला लावता ते फक्त कोडसाठी नाहीये.

टीपीए_डेस्क_मुंबई

आपल्याकडच्या हॉस्पिटलमध्ये काय होतं ते पण सांगतो, कारण इथे बरेच जण दोन्हीकडचे आहेत. आपण जो आयसीडी १० वापरतो तो डब्ल्यूएचओचा, अमेरिकेचा सीएम नव्हे. त्यात वरच्या टोकाच्या सगळ्या फ्रॅक्चरला एकच, एस४२.२. सर्जिकल नेक असो, अ‍ॅनाटॉमिकल असो, ट्युबरॉसिटी असो, सगळं त्यातच, बाजू नाही, पार्ट नाही, ए डी काही नाही. क्लेम फॉर्मच्या पार्ट बीमध्ये हॉस्पिटलने हा कोड भरायचा असतो. म्हणून आमच्याकडे कोडपेक्षा कागद बोलतो. प्रीऑथमध्ये (आधी घेतलेल्या मंजुरीच्या कागदात) डावा, एक्स-रेवर डावा आणि ओटी नोटमध्ये उजवा असं झालं की क्वेरी येणारच, आणि तोपर्यंत नातेवाईक बिलिंगच्या काचेसमोर उभे. प्लेट टाकली असेल तर इम्प्लांटचा स्टिकर आणि बिल लागतं, तो स्टिकर ओटी नोटला चिकटवलेला आहे ना ते डिस्चार्जच्या आधी बघायचं, नंतर शोधायला लागलो तर सापडत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते पडण्याच्या कारणावर. फॉर्ममध्ये इंज्युरी असेल तर कारण काय, मेडिकोलीगल आहे का, पोलिसांत नोंद आहे का हे विचारलेलं असतं. केसपेपरवर कॅज्युअल्टीत कोणीतरी घाईत एच ओ फॉल (पडल्याची हिस्टरी) एवढंच लिहितं, मग इन्शुरन्सवाले विचारतात कुठे पडले, लोकलमधून उतरताना की घरात, की बाईकवरून. त्या एका ओळीत घरी बाथरूममध्ये पाय घसरून असं लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते. पावसाळ्यात तर विचारू नका, स्टेशनचे जिने, सोसायटीच्या लाद्या, रोज असे खांदे येतात. आता मी कॅज्युअल्टीच्या मुलांना सांगून ठेवलंय की कुठे, कसं आणि किती वाजता, हे तीन पेशंटच्या तोंडून विचारून लिहा, वेदनेत असले तरी बरोबरच्या माणसाला विचारा.

ऐरोली_नाईटशिफ्ट

सगळ्यांना मनापासून थँक्स. क्वेरी टाकलीये, मुलुंडच्या पद्धतीने, कारणाचा प्रश्न वर आणि पार्टचा खाली. ए आणि डीचं आणि २३६०० चं राहिलं, ते कोणी सांगेल का?

ठाणे_ऑडिट

हो ते राहिलंच. ए म्हणजे पहिली व्हिजिट नव्हे. इनिशियल ह्या शब्दाने सगळे गोंधळतात, ए म्हणजे अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे. ईडीला ए, त्याच दिवशी ऑर्थो बघतो तो पण ए, डॉक्टर बदलला तरी ए. ऑपरेशन ठरलं तर ऑपरेशनला ए. पेशंट महिनाभर घरी बसून मग पहिल्यांदा दाखवायला आला तरी त्याला ए. अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट संपली, आता हाड जुळतंय आणि आपण लक्ष ठेवतोय, म्हणजे चेक एक्स-रे, स्लिंग काढणं, पुढे कधी प्लेट काढणं, की डी. तुझ्या बाईंची आठवड्याची व्हिजिट, एक्स-रे काढला, ठीक आहे, स्लिंग चालू ठेवा असं असेल तर डी. पण त्याच व्हिजिटला तुकडा अजून सरकलाय, आता ऑपरेशन करू असं ठरलं तर मी ए घेईन, कारण ट्रीटमेंट परत अ‍ॅक्टिव्ह झाली. उशिरा जुळतंय तर जी, जुळलंच नाही तर के, वाकडं जुळलं तर पी, आणि हे डॉक्टरांनी लिहिलेलं असायला हवं, एक्स-रेत कॅलस (जुळताना तयार होणारं नवं हाड) कमी दिसतोय म्हणून आपण जी लावायचा नाही. एम८० ला पण हीच अक्षरं, फक्त ओपनवालं बी नाही. आणि आफ्टरकेअरचा झेड कोड फ्रॅक्चरला लावू नको, ते काम ह्या अक्षरातच झालेलं असतं.

शेवटचं अक्षर एस कधी, तर फ्रॅक्चर जुळून गेलंय आणि मागे काहीतरी उरलंय. वर फिजिओताईंनी आखडलेल्या खांद्याचं सांगितलं तेच उदाहरण घे, डॉक्टरांनी फ्रॅक्चरनंतरचा आखडलेला खांदा लिहिलं तर आधी एम२५.६१२ आणि मग फ्रॅक्चरचा कोड एस लावून, दोन्ही लागतात आणि क्रम हाच.

२३६०० बद्दल, ते सर्जिकल किंवा अ‍ॅनाटॉमिकल नेकचं क्लोज्ड ट्रीटमेंट, मॅनिप्युलेशनशिवाय, म्हणजे हाड हाताने जागेवर न बसवता. स्लिंग देऊन फ्रॅक्चरची जबाबदारी ऑर्थोने घेतली, पुढचे फॉलोअप त्यानेच करायचे, तर लागतो. मॅनिप्युलेशन केलं तर २३६०५, ओपन केलं तर २३६१५, आणि प्रोस्थेसिसने डोकं बदललं तर २३६१६. फक्त ग्रेटर ट्युबरॉसिटीचं असेल तर हे नव्हेत, २३६२० पासून पुढे बघ. २३६०० ला ९० दिवसांचं ग्लोबल आहे, म्हणजे पुढच्या व्हिजिट त्याच पॅकेजमध्ये, ९९०२४ ने नोंदवायच्या, पैसे लावायचे नाहीत. त्याच दिवशी तपासून निर्णय घेतला असेल तर ईएमला (तपासणीच्या कोडला) मॉडिफायर ५७, आणि कोडला एलटी (डावी बाजू) विसरू नको. ईडीच्या डॉक्टरने स्लिंग घालून ऑर्थोकडे पाठवलं असेल तर तो सहसा आपला ईएम घेतो, फ्रॅक्चर केअर नाही. काही ग्रुप पॅकेज न घेता प्रत्येक व्हिजिटला ईएम लावतात, ते क्लायंटच्या पॉलिसीत काय आहे ते आधी विचारून घे, नाहीतर निम्मे चार्ट एका पद्धतीने आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने जातील.

सीपीसी_तयारी_कल्याण

मध्येच विचारतो, सॉरी. लहान मुलांचं पण एस४२.२ च ना? माझ्या मॉक टेस्टमध्ये दहा वर्षांचा मुलगा होता, झाडावरून पडला, मी एस४२.२१ मारला तर चूक दाखवली.

ठाणे_ऑडिट

प्रश्नात ग्रोथ प्लेट (मुलांचं हाड जिथून वाढतं तो थर), फायझील किंवा सॉल्टर हॅरिस असा शब्द होता का बघ. असेल तर तो एस४९.० मध्ये जातो, सॉल्टर हॅरिस एक ते चारपर्यंत वेगवेगळे आहेत, एस४२.२ खाली एक्सक्लुड्स मध्ये हे लिहिलेलंच आहे, तिथेच शाफ्टचा एस४२.३ पण आहे. नुसतं सर्जिकल नेक असेल तर मूल असलं तरी एस४२.२ च. आणि टोरस, म्हणजे हाड मोडत नाही, एका बाजूने दबून फुगतं, ते लहान मुलांचंच असतं, त्याचा एस४२.२७, त्याला ओपनचं बी नाहीच. प्रश्न इथे टाक, बघून सांगते.